पाडव्याच्या कुड्या

नाशिक,
कोजागरीचा दुसरा दिवस

प्रिय बाळ्या,
सप्रेम नमस्कार.

काल फोनवर तू म्हणालास, लग्नाला पंचवीस वर्षं झाली, यंदा पाडव्याच्या ओवाळणीत वहिनींना हिऱ्याच्या कुड्या घालायच्या आहेत, दिवाळीत नाशिकला येतोयस, तेव्हा एखादं चांगलं दुकान सांग. दुकान सांगणं सोपं आहे रे, पण तेवढं सांगून तुला सराफ बाजारात सोडून द्यायला मन घेईना. आमच्या घरी कुड्यांवरून काय झालं ते तुला मी कधी नीट सांगितलं नव्हतं. ते आज लिहितो.

सहा वर्षांपूर्वी मीही हिच्यासाठी कुड्या घेतल्या. दुकानदार म्हणाला, "अर्धा कॅरेट आहे साहेब." मी पैसे मोजले आणि आनंदात घरी आलो. पुढे त्रिपुरी पौर्णिमेला आम्ही गोदाघाटावर दिवे सोडायला गेलो. थंडी होती, हिने डोक्यावरून शाल घेतली होती. घरी येऊन शाल काढली तर उजवा कान रिकामा. तशीच रात्री बॅटरी घेऊन परत गेलो, रामकुंडाच्या पायऱ्या एकेक करून पाहिल्या. मिळाली नाही. उरलेली कुडी हिने तळहातावर घेतली आणि कितीतरी वेळ बोटाने तिची मागची चकती मागेपुढे करत बसली. ती चकती दांडीवर नुसती दाबून बसवायची होती आणि वापरून वापरून सैल झाली होती. शालीच्या दशीत कुडी अडकली असणार.

सकाळी बिल घेऊन दुकानात गेलो. बिलावर लिहिलं होतं: हिरे नग 2, वजन 0.50 कॅरेट. अर्धा कॅरेट म्हणजे दोन्ही कानांचा मिळून, एका कानात पाव कॅरेट, हे मला त्या दिवशी कळलं. दुकानदार खोटं बोलला नव्हता, पण मला समजेल असंही बोलला नव्हता. त्या जोडीला शोभेल असा एक हिरा शोधायला आम्हाला चार महिने लागले. शेवटी सराफ बाजारातल्या एका जुन्या कारागिराने तो मिळवून दिला, आणि पुढे जे लिहितोय त्यातलं बरंचसं त्याच्याच शेजारी बसून शिकलो.

तेव्हा पहिला प्रश्न हा विचार: वजन एका हिऱ्याचं की जोडीचं? हिऱ्याचा एक कॅरेट म्हणजे 200 मिलिग्रॅम, त्याचे 100 सेंट. सोन्याचा कॅरेट वेगळा, तो शुद्धतेचा, त्याचा वजनाशी काही संबंध नाही. आणि वजनापाठोपाठ मिलिमीटर विचार, कारण डोळ्यांना वजन दिसत नाही, रुंदी दिसते. नीट पैलू पाडलेला 25 सेंटचा गोल हिरा 4 मिलिमीटरच्या थोडा वर असतो, 50 सेंटचा 5 च्या थोडा वर, एक कॅरेटचा साधारण साडेसहा. म्हणजे वजन दुप्पट झालं तरी कानात तो दुप्पट मोठा दिसत नाही, किंमत मात्र दुपटीहून बरीच जास्त वाढते. अर्धा, एक अशा भरीव आकड्यांपाशी भाव उडी मारतो, म्हणून 50 ऐवजी 46-47 सेंटचे मिळाले तर बिनदिक्कत घे. तेवढा फरक कानात कोणाला दिसणार नाही.

कारागिराने आमच्या उरलेल्या हिऱ्याला मापाचा चिमटा लावला आणि म्हणाला, "4.1." मग दुकानदाराने जोडीला म्हणून दिलेला हिरा मोजला. तो 27 सेंटचा, वजनाला आमच्यापेक्षा जास्त, पण रुंदी 3.9. वजन सगळं पोटात होतं. खाली खोल ठेवलेला हिरा असाच असतो, पैसे वजनाचे घेतो आणि दिसतो लहान. शिवाय प्रकाश तळातून निसटून जातो, त्यामुळे मध्यभागी काळसर वाटतो. म्हणून बाळ्या, पैसे कुठे घालायचे असतील तर कटमध्ये, म्हणजे पैलू कसे पाडलेत त्यात घाल. रंग, स्वच्छता, वजन यांत एकेक पायरी खाली उतर, कटमध्ये उतरू नकोस. सर्टिफिकेटवर गोल हिऱ्याच्या कटची श्रेणी लिहिलेली असते, 'एक्सलंट' असेल तोच बघ.

हे आपल्या जिल्ह्याने फार जुन्या काळी पाहिलंय. त्र्यंबकेश्वरच्या शिवाचा म्हणून ओळखला जाणारा तो 'नासक' हिरा तुला आठवतोय ना? 1818 मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा तो इंग्रजांच्या हाती गेला. तेव्हा त्याचं वजन 90 कॅरेटच्या आसपास होतं. आपल्याकडच्या जुन्या कारागिरांचा कल वजन राखण्याकडे असे. लंडनमध्ये त्याला पुन्हा पैलू पाडले, आणि 1940 मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टनने आणखी एकदा. आज तो सुमारे 43 कॅरेटचा आहे. निम्म्याहून जास्त हिरा लखलखाटासाठी घासून टाकला! आपला हिरा गेला याचं दुःख मला त्र्यंबकला गेलो की दर वेळी होतं, पण वजन आणि तेज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्याच्याइतकं स्पष्ट कोणी सांगितलेलं नाही.

रंग आणि स्वच्छता यांवर फार डोकं शिणवू नकोस. रंग 'डी'पासून सुरू होतो आणि 'झेड'कडे जाता जाता पिवळसर होत जातो. वहिनी पिवळ्या सोन्यातच घालणार असतील तर 'एच' किंवा 'आय' चालतो, सोन्याच्या पिवळेपणात तो लपतो. स्वच्छतेत, म्हणजे आतल्या डागांच्या बाबतीत, 'व्हीएस' (फारच बारीक डाग) पुष्कळ झालं, आणि भिंगाशिवाय डाग दिसत नसेल तर त्याखालचा 'एसआय'सुद्धा चालेल. कानाजवळ भिंग घेऊन कोण येणार आहे? मात्र दोन्ही हिरे एकमेकांसारखे हवेत. हे कुड्यांचं खास आहे, अंगठीत ही कटकट नाही. दुकानातल्या दिव्यांखाली काचसुद्धा चमकते. दोन्ही कुड्या पांढऱ्या कागदावर पालथ्या ठेवून दुकानाच्या दारात, दिवसाच्या उजेडात बघ. सराफ बाजाराच्या बोळांत ऊन थेट पडत नाही, तो सावलीतला उजेड यासाठी फार चांगला.

आता लॅबमधल्या हिऱ्यांचं. तुझा हाच प्रश्न होता ना, की ते खोटे असतात का? खोटे नाहीत. कार्बनच आहे, तितकाच कठीण, तसाच चमकणारा. 2023 मध्ये पंतप्रधानांनी अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पत्नीला दिलेला साडेसात कॅरेटचा हिरवा हिरा लॅबमधलाच होता. पण खाणीतल्या हिऱ्यापेक्षा तो कितीतरी स्वस्त मिळतो आणि गेल्या काही वर्षांत त्याचे भाव सारखे उतरत आलेत. दुकानातलं पेनासारखं यंत्र टेकवलं की दोन्हींना ते 'हिरा'च म्हणतं. त्यामुळे त्या टुक् आवाजावर विसंबू नकोस, सर्टिफिकेटवर काय लिहिलंय ते वाच. रोज घालायला, ऑफिसला जाताना मोठे हिरे हवे असतील तर लॅबचे घ्यावेत असं माझं प्रामाणिक मत आहे. पुढे लेकीला द्यायच्या असतील आणि वहिनींच्या मनात खाणीचाच हिरा असेल तर लहान घे पण तोच घे. हे मात्र त्यांना आडून विचार, तू परस्पर ठरवू नकोस. मोझॅनाइट आणि अमेरिकन डायमंड हे दोन्ही हिरे नव्हेत, तो वेगळा माल आहे.

सर्टिफिकेट दोन प्रकारचं असतं. एक अख्ख्या दागिन्याचं, त्यावर एकूण वजन आणि 'जी-एच' असा मोघम रंग. आमचं तसलं होतं, म्हणूनच हरवलेल्या हिऱ्याचं माप कुठेच सापडेना. दुसरं प्रत्येक हिऱ्याचं स्वतंत्र, त्यावर मिलिमीटरपर्यंत सगळं, आणि तोच नंबर बऱ्याचदा लेझरने हिऱ्याच्या कडेवर कोरलेला असतो. 30 सेंटच्या वरचे घेतोयस तर दुसरंच माग. अगदी लहान हिऱ्यांना ते खर्चाच्या मानाने परवडत नाही, मग निदान दोन्हींचं माप बिलावर लिहून घे.

बिल एकरकमी घेऊ नकोस. सोन्याचं निव्वळ वजन आणि भाव, हिऱ्यांचं वजन आणि भाव, घडणावळ आणि वर 3 टक्के जीएसटी, असं सुटं सुटं लिहून माग. हिऱ्यासकट वजन करून सगळ्याला सोन्याचा भाव लावलेला नाही ना, तेही बघ. सोनं 18 कॅरेटचं घे, शिक्का 750. 22 कॅरेटचं मऊ असतं, हिरा धरणारी बारीक नखं त्यात लवकर वाकतात. 1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख-क्रमांक असतो, तो बीआयएस केअर ॲपवर टाकून बघता येतो. पण दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही, आणि हलक्या कुड्या नेमक्या त्यात बसू शकतात. तरीही शिक्क्याचीच माग. परत द्यायची वेळ आली तर मोड कशी धरणार, हेही बिलावर लिहून घे. सोन्याची मोड होते तशी हिऱ्याची होत नाही रे, गुंतवणूक म्हणून घेत असशील तर तो विचार आजच सोडून दे.

आणि फिरकी! मळसूत्राची फिरकीच घे, दाबायची चकती नको. दोन-चार वेळा फिरवून बघ, आटे गुळगुळीत हवेत. हिरा पाळीला टेकून बसला पाहिजे. बैठक उंच असली की कुडी पुढे झुकते आणि हिरा जमिनीकडे बघत राहतो. घेतल्यावर वर्षातून एकदा नखं तपासून घ्यायची. हिऱ्याला तेलकटपणा पटकन चिकटतो, आपल्याकडे केसांना तेल लावतातच, त्यामुळे महिन्याभरात तो मंद दिसायला लागतो. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, लहान मुलांचा मऊ ब्रश, एवढं पुरतं. बेसिनवर मात्र धुवायचं नाही, वाटीत.

आईने आमच्या कुड्या आधी तीन रात्री हिच्या उशीखाली ठेवायला लावल्या होत्या, हिरा लाभतो का ते बघायला. वहिनींच्या आईही म्हणतील. ठेवू देत, त्यांच्या मनाला बरं वाटेल, आणि परतीची मुदत तेवढी दुकानदाराकडून आधी मागून ठेव.

धनत्रयोदशीला बाजारात पाय ठेवायला जागा नसते, म्हणून तू दोन दिवस आधीच ये. सकाळी अकराला निघू, त्या कारागिराचा जिना चढून आधी त्याला भेटू, मग दुकानात. हिने एक निरोप दिलाय: वहिनींच्या कानाची भोकं ओघळली आहेत का ते गुपचूप बघून ठेव, त्यावर मागची चकती केवढी घ्यायची ते ठरेल. आणि त्या रोज घालतात ती एखादी जुनी कुडी खिशात टाकून आण, दांडीच्या मापाला लागेल.

तुझा,
अण्णा