फोटो लहान छापा पण कापू नका

मा. संपादक,

आपल्या पुरवणीत वाचकांचे फोटो येतात ते मी आवर्जून बघतो, त्यात बडोद्याचा असला तर आधी तोच. परवा आमच्या शेजारच्या मुलीने काढलेला, इथल्या जुन्या शहरातल्या मांडवीचा फोटो आला आणि बघून वाईट वाटलं. मूळ फोटो मी तिच्या मोबाइलवर बघितलाय. उजव्या कडेला डोक्यावर टोपली घेतलेली बाई, तोंड डावीकडे, आणि डावीकडे सगळं रिकामं, नुसतं ऊन आणि कमानीची जमिनीवर पडलेली लांब सावली. ती जागा रिकामी होती म्हणून तर बाई कुठेतरी निघालीय असं वाटायचं. तुमच्याकडे नेमकी तीच कापली, कॉलममध्ये बसेना म्हणून असेल, आता बाई बरोब्बर मधोमध आणि नाकासमोर लगेच कड, चालता चालता भिंतीवर आपटेल अशी. सावली तर गेलीच.

कॉम्पोझिशन, म्हणजे फोटोची मांडणी, ही स्क्रीनवर ग्रिड लावून माणूस रेघेवर बसवला की झालं, असं नसतं हो. तो रूल ऑफ थर्ड्स, म्हणजे फ्रेमचे उभे-आडवे तीन-तीन भाग करून मुख्य गोष्ट त्या रेघांवर ठेवायची, कॅमेरा यायच्याही आधीचा, जॉन थॉमस स्मिथ यांनी 1797 मध्ये निसर्गचित्रांबद्दल लिहिताना मांडलेला. कामाचा आहे, नाही कशाला म्हणू, पण मला विचाराल तर त्याहून महत्त्वाचं म्हणजे कडेला काय ठेवलं आणि काय बाहेर सोडलं. मांडवीत उभं राहून बघा, वायरी, स्कूटरी, दुकानांचे बोर्ड, सगळं एकदम फ्रेममध्ये घुसतं, त्यातून एवढी रिकामी जागा शोधायची म्हणजे किती वेळ थांबावं लागलं असेल त्या पोरीला.

क्रॉप करूच नये असंही नाही. फ्रेंच फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँ क्रॉपच्या विरोधात होते तरी डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा त्यांचा 1932 चा पॅरिसचा प्रसिद्ध फोटो क्रॉप केलेलाच आहे, फळ्यांच्या फटीतून काढला होता ना, बाजूला फळी आली होती. पण तिथे कापायला कारण होतं, कॉलमची रुंदी हे काही कारण नाही.

आणि हे बडोद्यासारख्या गावाच्या फोटोबाबत व्हावं? इंदूरचे चित्रकार बेंद्रे इथे विद्यापीठात फाइन आर्ट्सला शिकवायला होते, त्यांचे विद्यार्थी ज्योती भट्ट यांनी गावोगावच्या भिंतीवरची चित्रं, रांगोळ्या आणि त्या काढणाऱ्या बायका कॅमेऱ्यात धरल्या. त्या फोटोंमध्ये बाई आणि भिंत अशी काही बसलेली असते की बोटभर कापलं तरी बिघडेल.

तेव्हा विनंती एवढीच, फोटो दोन कॉलमऐवजी एका कॉलममध्ये छापा पण पूर्ण छापा, कापावाच लागला तर काढणाऱ्याला एक फोन करा, आणि तो का निवडला हे खाली दोन ओळीत लिहा, नवीन मुलं ते वाचून शिकतील. मांडवीचा तो फोटो पुढच्या अंकात पूर्ण छापता आला तर बघा, मूळ फाइल तुमच्या ईमेलवर आहेच.

एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा