तपासणीला जाण्याआधी

सर्व सदस्यांना आठवण: डॉक्टरांची वेळ ठरली असेल तर तयारी आदल्या रात्रीवर ढकलू नका, थकव्यात निम्मं विसरायला होतं. आधीचे 14 दिवस रोज दोनच ओळी लिहा: काय दुखलं, किती वेळ, आणि त्यापायी कोणतं काम राहिलं. नुसतं 'फार थकवा येतो' म्हणण्यापेक्षा 'एक जिना चढून 20 मिनिटं आडवं व्हावं लागलं' हे डॉक्टरांना जास्त कळतं. मुख्य प्रश्न बसल्याबसल्या विचारा, उठता उठता नको. औषधांची यादी डोससकट न्या; स्वतःच्या मनानं घेतलेल्या गोळ्याही त्यात आल्या (लपवू नका हो!). जुने रिपोर्ट तारखेनं लावून ठेवा. सोबत कुणी येत असेल तर लिहून घ्यायचं काम त्यांच्याकडे द्या. आणि 'कसं काय?' विचारल्यावर सवयीनं 'बरं आहे' म्हणू नका.