वेदनाशामक गोळ्यांबाबत सूचना
सर्व सभासदांस कळकळीची विनंती. ठाण्यात पावसाळ्यात ताप आणि अंगदुखी वाढली की आपण औषधाच्या दुकानातून परस्पर गोळ्या आणतो. परंतु डेंग्यूची शंका दूर होईपर्यंत दुखण्यासाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा अ‍ॅस्पिरिन घेऊ नये, कारण त्यांमुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो. हृदयविकारासाठी डॉक्टरांनी दिलेली अ‍ॅस्पिरिन मात्र त्यांना विचारल्याशिवाय बंद करू नये. पॅरासिटामॉल तुलनेने सुरक्षित असले, तरी प्रौढांनी २४ तासांत ४ ग्रॅमची मर्यादा ओलांडू नये; सर्दीच्या अनेक गोळ्यांतही तेच औषध असते, हे आपल्यापैकी बरेच जण विसरतात, म्हणून पाकिटावरील घटक वाचूनच दुसरी गोळी घ्यावी. मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा विकार असलेल्यांनी कोणतीही वेदनाशामक गोळी घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.
— चिटणीस