गावाचे दप्तर गावानेच लिहावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मराठीला 3 ऑक्टोबर 2024 रोजी अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला आणि अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठही आले, याचा आम्हा वैदर्भीयांना आनंद आहेच. मात्र लेखनाची चर्चा आपल्याकडे साहित्य, संमेलने आणि पुरस्कार यांच्या पलीकडे सहसा जात नाही. ज्या गावात कादंबरी कोणी हातात धरत नाही, तिथेही लिहिण्यावाचून लोकांचे हक्क अडतात, ही बाजू मांडण्यासाठी हे पत्र.

आमच्या पूर्व विदर्भातील धानपट्ट्यात माजी मालगुजारी तलाव, म्हणजे पूर्वी गावाचा सारा वसूल करणाऱ्या मालगुजारांच्या ताब्यातले तलाव, आहेत. 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे गेले. पण चराई, सरपण, बांबू यांसारखे गावकऱ्यांचे जे हक्क निस्तार पत्रकात (गावकऱ्यांच्या वापरहक्कांची सरकारी नोंद) किंवा वाजिब-उल-अर्जात (गावच्या रूढी-वहिवाटीची नोंद) लिहिलेले होते, ते दाखवायला निदान कागद तरी उरला. याउलट, तुडूम (तलावाचे पाणी सोडण्याचे दार) केव्हा उघडायचे, पाणी आधी कोणाच्या बांधीत (धानाच्या शेतात) जायचे, पाळीवर (तलावाच्या बांधावर) माती टाकायला कोणत्या घरातून माणूस यायचा, ही व्यवस्था अनेक गावांत केवळ जुन्या माणसांच्या तोंडी राहिली आणि ती माणसे गेली तशी तीही गेली. आज पाण्याचा तंटा उठला की दोन्ही बाजू ‘आमचे आजोबा सांगत होते’ एवढेच म्हणू शकतात, आणि ज्याचा आवाज मोठा त्याचे आजोबा खरे ठरतात.

2006 च्या वनहक्क कायद्याखालील नियमांत एक तरतूद फार मोलाची आहे. गावातील वडीलधाऱ्यांचे कथन पुरावा म्हणून ग्राह्य धरले जाते, परंतु ते लेखी नोंदवलेले असावे लागते, आणि दावेदाराने स्वतःचेच कथन जोडून चालत नाही. म्हणजे ज्या म्हाताऱ्याला अक्षरओळख नाही, त्याच्या आठवणीलाही कायद्याने किंमत दिली आहे. अट एवढीच, की ती कोणीतरी त्याच्यासमोर बसून उतरवून घ्यावी. 2009 साली देशात पहिल्यांदा ज्या गावांना सामूहिक वनहक्क मिळाले, त्यांत गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) आहे. तिथली ग्रामसभा आणि अभ्यास गट कित्येक वर्षे आधीपासून एकत्र बसून विचार करत होते, हे त्या यशाचे कारण लोक विसरतात.

बहुतेक ठिकाणी काय चालते? ग्रामसभा होते, रजिस्टर फिरते, कोऱ्या पानाखाली सह्या आणि अंगठे घेतले जातात, आणि इतिवृत्त नंतर केव्हातरी निवांत लिहिले जाते. आमच्याकडे एका सभेत चराईच्या जागेवर तासभर वाद झाला होता. इतिवृत्तात त्याजागी ‘विषयावर सविस्तर चर्चा होऊन सर्वानुमते मंजूर’ एवढीच ओळ आढळली. बोलणारे सगळे होते, लिहिणारा एकच होता. मोबाइलवर रेकॉर्ड केले आहे असे तरुण मुले सांगतात, पण फोन बदलला की ते कुठे जाते याचा पत्ता नसतो, आणि तासाभराच्या आवाजातून नेमके वाक्य शोधून साहेबांपुढे ठेवणे कोणालाच जमत नाही.

तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांच्याकडे जाऊन गोळा केल्या आणि लोकांच्या बोलीत लिहून ठेवल्या, ते काम याच विदर्भाच्या मातीतले आहे. तेवढी मोठी अपेक्षा कोणी करत नाही. इतिवृत्त सभेतच लिहून, उठण्यापूर्वी मोठ्याने वाचून दाखवावे आणि मगच सह्या घ्याव्यात. तसेच हायस्कूलच्या मुलांनी दिवाळीच्या सुट्टीत ऐंशी वर्षांपुढील माणसांकडून तलाव, गोठाण (गुरे जमवण्याची जागा), जंगलाच्या वाटा आणि शिवेची झाडे यांची माहिती त्यांच्याच शब्दांत, झाडी बोलीत असली तरी तशीच, लिहून घ्यावी. सांगणाऱ्याची सही किंवा अंगठा आणि तारीख खाली असावी. एक वही ग्रामपंचायतीत व एक शाळेत राहावी, कारण एकाच कपाटातल्या कागदाला वाळवी लागते, हे आम्ही पाहिले आहे. मालगुजारीचा काळ डोळ्यांनी पाहिलेली माणसे आता प्रत्येक गावात बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत, तेव्हा हे काम येत्या दिवाळीलाच हाती घ्यावे, अशी शिक्षण विभागाला व ग्रामपंचायतींना आपल्या दैनिकामार्फत विनंती आहे.

आपला,
एक धान उत्पादक शेतकरी,
ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया