डिस्क गोल्फचे मैदान चुकलेल्या फेकीवर जोखावे

महोदय,

नवी मुंबईतील मोठ्या सार्वजनिक उद्यानांत डिस्क गोल्फ हा खेळ यावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे. या खेळात चेंडूऐवजी चकती हाताने फेकत न्यायची आणि कमीत कमी फेकींत साखळ्या लावलेल्या बास्केटमध्ये टाकायची असते. एड हेड्रिक यांनी 1975 साली कॅलिफोर्नियात त्याचे पहिले कायमस्वरूपी मैदान आखले, तेही ओक ग्रोव्ह या सार्वजनिक उद्यानातच. गोल्फला लागते तशी गुळगुळीत हिरवळ येथे राखावी लागत नाही, आणि उभी झाडे हाच खेळातला अडथळा असल्याने ती तोडण्याचे कारण उरत नाही.

मात्र असे मैदान किती बास्केट रोवल्या यावरून जोखले जाऊ नये. अठरा होलच्या (होल म्हणजे फेकीच्या ओट्यापासून बास्केटपर्यंतचा एक टप्पा) मैदानासाठी साधारणतः होलमागे एक एकर जागा धरतात. खारघरच्या सेंट्रल पार्कसारख्या विस्तीर्ण जागेत ते शक्य असले, तरी वसाहतीतल्या लहान बागेत तोच आकडा गाठण्याचा हट्ट धोक्याचा ठरेल. माझ्या मते खरी कसोटी एकच आहे: नवख्याची चुकलेली फेक कोठे जाऊन पडते? लांब फेकीची चकती सुमारे 21 सेंटीमीटर व्यासाची, बहुधा 150 ते 175 ग्रॅम वजनाची आणि पातळ, कडक कडेची असते. ती एखाद्या मुलाच्या किंवा वृद्धाच्या डोक्याला लागली तर गंभीर इजा होऊ शकते. उजव्या हाताने, छातीसमोरून नेहमीच्या पद्धतीने फेकलेली चकती वेग मंदावताच डावीकडे वळते, तर हातातून उशिरा सुटलेली उजवीकडे भरकटते. त्यामुळे फिरायला येणाऱ्यांची पायवाट, मुलांची खेळणी आणि बाके या दोन्ही बाजूंपासून पुरेशी दूर हवीत, आणि एका होलची फेक दुसऱ्या होलवर थांबलेल्या खेळाडूंच्या दिशेने मुळीच जाता कामा नये.

दुसरी पाहणी पावसाळ्यातच व्हायला हवी. आपल्याकडच्या पावसात बास्केटभोवतीची माती सततच्या पावलांनी तुडवली जाऊन चिखल होतो, झाडांची मुळे उघडी पडतात आणि फेकीसाठी केलेला काँक्रीटचा ओटा खरखरीत नसेल तर पाय घसरतो. उन्हाळ्यात उत्तम वाटलेली आखणी श्रावणात टिकेलच असे नाही. (कोवळ्या रोपांच्या सालीला चकत्यांचे घाव बसतात, त्यांना कुंपण हवेच.)

म्हणून संबंधित यंत्रणांना माझी विनंती आहे की, कायमचे खांब गाडण्यापूर्वी उचलून नेता येणाऱ्या बास्केट काही महिने ठेवून पाहाव्यात. त्या काळात पूर्वी कधीही न खेळलेल्या लोकांकडून फेकी करवून घ्याव्यात आणि प्रत्येक चकती जेथे पडली ती जागा नकाशावर नोंदवावी. मात्र रिकाम्या उद्यानातल्या या नोंदींवरच थांबू नये. सकाळी फिरणाऱ्यांची गर्दी असते त्या वेळचे पायवाटांवरचे चित्र आधी नोंदवून ते या नकाशावर ताडून पाहावे, आणि त्या मंडळींचे म्हणणेही लेखी घ्यावे. प्रत्येक होलसाठी जमिनीत दोन-तीन ठिकाणी खांबाच्या नळ्या बसवल्या तर बास्केट आलटून पालटून हलवता येते आणि झिजलेल्या गवताला सावरायला वेळ मिळतो. हा नकाशा उद्यानाच्या प्रवेशद्वारापाशी लावून, त्यावर हरकती मागवून, मगच काँक्रीट ओतावे.

आपला,
एक नियमित वाचक, खारघर, नवी मुंबई