‘जस्ट वन’मधला ‘जस्ट’

प्रिय काका,
सा. न. वि. वि.

तुम्ही लुईव्हिल सोडून लेकीकडे राहायला गेलात त्याला आता दोन महिने होतील. निघताना तुमच्या गराजच्या दारात धड आभारही मानता आले नाहीत, कारण लोणच्याची बरणी कशी गुंडाळून ठेवायची हे काकू मला तिसऱ्यांदा सांगत होत्या. म्हणून हे पत्र, आणि तेही जाहीर. तोंडावर बोलले असते तर ‘बरं बरं, पुरे’ म्हणून तुम्ही विषय बदलला असता.

केंटकीत आले तेव्हा पहिले चार महिने मी रोज रात्री मूग-तांदळाची खिचडी खाल्ली. आवडते म्हणून नव्हे. बाहेर जेवायला एकटीने जायची लाज वाटायची. एकदाच धीर केला. दारातल्या मुलीने किती जण म्हणून विचारलं, मी ‘जस्ट वन’ म्हणाले आणि तिने मला स्वयंपाकघराच्या दाराशेजारचं टेबल दिलं. वीस मिनिटांत गिळून बाहेर पडले. हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही हसलात, मग म्हणालात, “अगं, ‘जस्ट’ कशाला? माफी मागतेस का? ‘वन’ म्हणायचं आणि थेट बारच्या काउंटरला बसायचं. तिथे सगळा मेनू मिळतो आणि समोर रिकामी खुर्ची नसते.”

एवढंच. पण हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

मग तुम्ही मला हिंडवलंत. ब्राउन हॉटेलचं ‘हॉट ब्राउन’ तुम्हीच खाऊ घातलंत. 1926 साली फ्रेड श्मिट नावाच्या तिथल्या शेफने रात्री नाचून दमलेल्या पाहुण्यांसाठी केलेला तो प्रकार: ब्रेडवर टर्की, वर चीजचा पांढरा सॉस, त्यावर बेकन. खरं सांगू? मला तो जड गेला. तुमच्यासमोर बोलले नाही इतकंच.

ओवेन्सबरोचं मात्र वेगळं. अकराला निघालो, जवळजवळ दोन तास गाडी चालवली आणि पोचलो तेव्हा घड्याळात बारा. ते गाव सेंट्रल टाइममध्ये, म्हणजे लुईव्हिलच्या एक तास मागे आहे हे तुम्ही मुद्दामच सांगितलं नव्हतं. भुकेच्या हिशेबाने एक वाजला होता. अमेरिकेत बार्बेक्यू म्हणजे डुक्कर नाहीतर बीफ अशी माझी समजूत, आणि इथे ताटात मटण! त्या भागात पूर्वी लोकरीसाठी मेंढ्या पाळत. म्हाताऱ्या मेंढीचं मांस चिवट, ते हिकरीच्या लाकडावर तासन्‌तास ठेवल्याशिवाय चावता येत नाही, त्यातून ही पद्धत आली. सोबत व्हिनेगर आणि वूस्टरशायर सॉसचं ते काळं, पातळ ‘डिप’. आणि बर्गू: मटण, मका, बटाटा, कोबी, सगळं एकत्र रटरटवलेलं. मी दुसरी वाटी मागितली तेव्हा तुम्ही काकूंकडे जिंकल्यासारखं पाहिलंत. काकू बिचाऱ्या शाकाहारी. त्यांच्या वाट्याला काकडी आणि मक्याची कणसं.

त्याच दिवशीची दुसरी गोष्ट लिहायला नको वाटतं, पण लिहिते. परतीच्या वाटेवर कॉफी आणि गोड ‘पाय’ खायला थांबलो आणि बिल मी हट्टाने दिलं. गाडी हायवेला लागल्यावर तुम्ही सहज विचारलंत, “टिप किती ठेवलीस?” मी म्हटलं, दोन डॉलर. बिल चौतीसचं होतं. तुम्ही काही बोलला नाहीत. पुढच्या एक्झिटला वळलात आणि अकरा मैल मागे गेलात. वाटेत सांगितलंत की टिप मिळणाऱ्या वेटरला मालकाने तासाला किमान 2.13 डॉलर दिले की कायद्याचं काम भागतं. केंद्राचा तो आकडा 1991 पासून हललेला नाही, आणि केंटकीतही तोच. टिप धरून किमान वेतन भरलं नाही तर फरक मालकाने द्यायचा असतो, पण त्या बाईचं घर चालतं ते टेबलावर राहिलेल्या नोटांवर. मी आत जाऊन पाच डॉलर दिले. तिने “ओह, हनी” म्हणत माझा दंड थोपटला. गाडीत बसल्यावर तुम्ही फक्त रेडिओ लावलात. त्या गप्प बसण्याचे आभार वेगळे.

बर्बनबद्दल, म्हणजे मक्याच्या व्हिस्कीबद्दल, तर तुम्हाला बोलायला फक्त निमित्त लागायचं. पिंप बनवण्याच्या कारखान्यात अख्खी नोकरी केलेला माणूस! निदान 51 टक्के मका हवा, पिंप नवं आणि आतून जाळलेलंच हवं, बाटलीत 40 टक्क्यांच्या खाली अल्कोहोल चालत नाही, रंग-वास वरून घालायचा नाही, हे मी आता झोपेतही म्हणेन. पण माझ्या लक्षात राहिली ती तुमच्या कपाटातली लाकडाची फळी. जुन्या पिंपाची. एक बाजू जळून मगरीच्या पाठीसारखी तडकलेली. तुम्ही ती आडवी धरलीत आणि कापलेल्या कडेवरची तांबूस रेघ दाखवलीत. दारू लाकडात इथवर शिरली होती. उन्हाळ्यात आत जाते, हिवाळ्यात बाहेर येते, आणि येताना रंग, व्हॅनिला, कॅरमल घेऊन येते. फळीला नाक लावलं तर अजूनही वास होता. त्यानंतर तुम्ही दोन बोटं ओतलीत, चार थेंब पाणी घातलंत आणि “घाई नको, तोंड उघडं ठेवून हुंग” म्हणालात. ज्या दिवशी गाडी तुमच्याकडे असायची, त्या दिवशी तुम्ही थेंबही घेत नसायचात. तेही मी बघत होते.

आणि आपले शनिवार! पहाटे सहाला मटणाचा खांदा स्मोकरमध्ये, मांस धुरावर शिजवायच्या त्या पेटीत. थर्मामीटर 70 अंशांच्या आसपास पोचला की अडकायचा, तास तास हलायचा नाही. पहिल्यांदा मी आच वाढवायला निघाले तर तुम्ही हात धरलात. “त्याला घाम फुटलाय. बाहेरून जेवढं तापतंय तेवढं पाणी उडून थंड होतंय. घाम आटला की चढेल आपोआप.” आणि तोवर काय करायचं? ‘जस्टिफाइड’ ही टीव्ही मालिका बघायची. तुम्ही तो खोळंबा एपिसोडमध्येच मोजायचात: “आज तीन एपिसोड अडकलंय.” हार्लन काउंटीची गोष्ट, पण शूटिंग बहुतेक कॅलिफोर्नियात, त्यामुळे दर दहा मिनिटांनी तुमचं “ही झाडं इथली नव्हेत”. काकूंचा जीव मात्र मॅग्ज बेनेटवर. त्या भूमिकेसाठी मार्गो मार्टिंडेलला 2011 मध्ये टीव्हीचं एमी पारितोषिक मिळालं हे त्यांनी मला निदान पाच वेळा सांगितलं. दुसऱ्या सीझनच्या पहिल्याच एपिसोडात काकू रहस्य फोडत हळूच म्हणाल्या, “बरणीकडे नको, ग्लासकडे बघ.” माफ करा काका, पण त्याबद्दल मी काकूंचे आभार मानणार नाही.

गेल्या शुक्रवारी बाहेर जेवायला गेले होते. “वन,” म्हटलं. काउंटरला बसले, दीड तास बसले, उरलेलं डब्यात घालून आणलं.

तुमचा स्मोकर माझ्या गॅलरीत ठेवता येत नाही, सोसायटीचा नियम आहे. तो खालच्या स्टोअररूममध्ये झाकून ठेवलाय. फळी माझ्या टेबलावर आहे. सहाव्या सीझनचे शेवटचे दोन एपिसोड मी पाहिलेले नाहीत, तुमच्याशिवाय पाहणारही नाही. येत्या शनिवारी दुपारी फोन लावते, दोघं आपापल्या टीव्हीवर एकदमच सुरू करू. फक्त फोन स्पीकरवर ठेवू नका. काकूंनी शेवट आधीच पाहिलाय.

तुमची,
वरच्या मजल्यावरची