‘बारावीनंतर काय’मध्ये साथरोगशास्त्र का नाही?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत बारावीनंतरच्या शिक्षणावर आलेलं पान मी शेवटपर्यंत वाचलं. डॉक्टर, इंजिनिअर, सीए, फार्मसी, फिजिओथेरपी, अगदी ड्रोन चालवण्याचा कोर्ससुद्धा त्यात होता. साथरोगशास्त्राचं, म्हणजे माणसांच्या समूहात रोग कसा पसरतो आणि कशाने रोखता येतो याचा आकड्यांवरून शोध घेणाऱ्या एपिडेमिऑलॉजीचं, मात्र नावही नव्हतं. मी बडोद्यात तीस वर्षं लॅब टेक्निशियन होते आणि त्यातली बरीचशी वर्षं टीबीच्या मायक्रोस्कोपवर गेली. त्यामुळे हे राहून गेलेलं मला मनापासून लागलं. पत्र लांबलं तर क्षमा असावी.

माझी भाची एमबीबीएसची इंटर्नशिप संपवून साथरोगशास्त्र शिकायला चेन्नईला, आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) राष्ट्रीय साथरोगविज्ञान संस्थेत निघाली आहे. तिला संशोधनच करायचं आहे, तेही रोगनिदानाच्या तपासण्यांवर. दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात ही बातमी कळल्यापासून जो तो विचारतो, “एपिडेमिऑलॉजी म्हणजे स्किनचं ना?” नाही म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: “दवाखाना टाकणार नाही, पेशंट तपासणार नाही, मग एवढं शिकून करणार काय?” तिच्या आईने मात्र हा प्रश्न एकदाही विचारला नाही. का, ते सांगते.

२००६ सालची गोष्ट. वहिनींना दोन महिने खोकला होता. संध्याकाळी अंग तापायचं, वजन उतरलं होतं. शहरातल्या एका खासगी दवाखान्यात त्यांना टीबीसाठी रक्ताची तपासणी लिहून दिली. रक्तातल्या अँटिबॉडी, म्हणजे जंतूंशी लढायला शरीर तयार करतं ती प्रथिनं, बघणारी ही तपासणी त्या काळी सर्रास व्हायची. रिपोर्ट निगेटिव्ह आला. छापील आणि महागडा रिपोर्ट, त्यावर शंका कोण घेणार? मीही घेतली नाही, आणि ते मला आजही डाचतं. पुढचे तीन महिने त्या खोकल्याची औषधं घेत राहिल्या आणि पाच वर्षांची लेक रोज त्यांच्या कुशीत झोपत राहिली. शेवटी मीच म्हटलं, “वहिनी, उद्या सकाळी उठल्याबरोबर खोलवरून खोकून बेडका या डबीत द्या.” आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगायची, “गळफो जोईए, थूंक नहीं.” बेडका हवा, थुंकी नको. घरच्या माणसाला सांगायला तेवढा उशीर केला.

स्लाइड मीच केली. काडीने पिवळसर घट्ट भाग उचलून काचेवर पसरला, वाळवला, ज्योतीवरून फिरवला. वर कार्बोल फुक्सिनचा लाल रंग ओतून खालून वाफ येईतो तापवलं, उकळू न देता. पाच मिनिटांनी धुऊन पंचवीस टक्क्यांचं सल्फ्युरिक ॲसिड, मग मेथिलीन ब्लूचा निळा रंग. तेलाचा थेंब टाकून लेन्स खाली आणली. निगेटिव्ह म्हणण्याआधी शंभर फील्ड, म्हणजे लेन्समधून एका वेळी दिसणारे शंभर भाग, बघायचा नियम आहे. इथे पहिल्याच फील्डमध्ये निळ्यावर लाल काड्या, म्हणजे टीबीचे जंतू, दिसल्या, दहाच्या वर. पुढची वीस फील्ड तशीच. पॉझिटिव्ह निकाल लाल शाईने लिहायचा असतो. वहिनींच्या नावापुढे मी लाल पेनाने थ्री प्लस, म्हणजे जंतू भरपूर, असं लिहिलं.

सरकारी औषधं फुकट मिळाली आणि सहा महिन्यांत वहिनी बऱ्या झाल्या. लेकीलाही टीबी होऊ नये म्हणून सहा महिने आयसोनियाझिडची गोळी कुटून साखरेतून द्यावी लागली. तीच ही माझी भाची.

रक्ताची ती तपासणी भरवशाची नाही, हे कोणा एका डॉक्टरला एका पेशंटवरून कळणं शक्य नव्हतं. ज्यांनी देशोदेशीचे अभ्यास एकत्र आणले आणि प्रत्येकात किती खरे रुग्ण सुटले, किती धडधाकट माणसं उगाच अडकली, याचा हिशेब मांडला, त्यांना ते कळलं. ती माणसं साथरोगशास्त्रज्ञ. जागतिक आरोग्य संघटनेने ९४ अभ्यास पारखून जुलै २०११ मध्ये स्पष्ट सांगितलं की टीबीच्या निदानासाठी या तपासण्या वापरू नका. तोवर जगभर त्या वर्षाला दहा लाखांहून जास्त होत होत्या. भारत सरकारने जून २०१२ मध्ये त्यांवर बंदी घातली. आमच्या वहिनींसारख्या किती जणांचे महिने त्यानंतर वाचले असतील!

हा हिशेब मांडणाऱ्यांत डॉ. मधुकर पै होते. वेल्लोरला कम्युनिटी मेडिसिन, मग बर्कलेला साथरोगशास्त्रात पीएचडी, आणि आता माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात प्राध्यापक. दिल्लीत झालेल्या आणखी एका अभ्यासात ते आणि अर्थतज्ज्ञ जिष्णू दास होते. तो मला फार महत्त्वाचा वाटतो. साध्या माणसांना टीबीच्या रुग्णासारखी लक्षणं सांगायला शिकवलं आणि खऱ्या दवाखान्यांत पाठवलं. डॉक्टरने काय विचारलं, काय लिहून दिलं, ते बाहेर येऊन नोंदवायचं. अशा २५० भेटींपैकी जेमतेम २१ टक्के भेटींत योग्य ते झालं. २०१५ मध्ये हे छापून आलं. औषध आहे, यंत्र आहे आणि तरी माणूस पाच दारं हिंडतो, हे आपण सगळेच म्हणत होतो. आकड्यात धरून दाखवलं ते यांनी.

भाचीने मला एक गणित झोपाळ्यावर बसून वहीच्या पाठीमागे करून दाखवलं. “आत्या, हजार माणसं धर. त्यांतल्या दहांना टीबी आहे. तपासणी शंभरातले नव्वद रुग्ण पकडते आणि शंभरातल्या नव्वद निरोगी माणसांना निरोगीच म्हणते. चांगली आहे ना?” मी म्हटलं, चांगलीच की. मग तिने मांडलं: दहांतले नऊ सापडले, पण उरलेल्या ९९० निरोगी माणसांतल्या ९९ जणांनाही पॉझिटिव्ह रिपोर्ट मिळाला. एकूण पॉझिटिव्ह १०८, त्यांत खरे नऊ. तीच तपासणी निम्म्यांना टीबी असलेल्या वॉर्डात केली, तर दहांतले नऊ पॉझिटिव्ह खरे निघतात. तपासणी बदलली नाही, कोणाची केली ते बदललं. हजारो रिपोर्ट माझ्या हातून गेले, पण हे मला तोवर कोणी शिकवलं नव्हतं.

आमचा मायक्रोस्कोपही सगळं बघत नाही. एक मिलिलिटर बेडक्यात पाच-दहा हजार जंतू असतील तेव्हा कुठे ते काचेवर दिसतात. डिसेंबर २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जीनएक्स्पर्टला मान्यता दिली. ते यंत्र दोन तासांच्या आत जंतूही सांगतं आणि रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध चालेल की नाही तेही. आता गोव्यात तयार झालेलं, बॅटरीवर चालणारं ट्रूनॅट हे तशाच कामाचं यंत्रही आहे. पण प्रत्येक नव्या यंत्राची कुणीतरी निरपेक्षपणे पारख करायला हवी, आणि ते यंत्र विकणाऱ्याचं काम नव्हे. माझ्याही स्लाइड दुसरी व्यक्ती माझा निकाल न बघता पुन्हा तपासायची. सुरुवातीला राग यायचा. नंतर त्याचाच आधार वाटायला लागला.

आता आपल्या गावाचं सांगते, कारण हे शास्त्र बडोद्याला परकं नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. ओडेसाचे जंतुशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांनी तिथे लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. पुढच्या वर्षी प्लेग सयाजीराव महाराजांच्या राज्यातही होता. फेब्रुवारी १८९८ मध्ये हाफकिन बडोद्यापासून सहा मैलांवरच्या उंडेऱ्याला आले. गावकऱ्यांना कुटुंबाकुटुंबाने बोलावून प्रत्येक घरातल्या निम्म्या माणसांना लस टोचली, निम्म्यांना नाही. पुढे ज्या २८ घरांत प्लेग शिरला, त्यांत टोचलेली ७१ माणसं होती आणि न टोचलेली ६४. टोचलेल्यांतली ३ गेली, न टोचलेल्यांतली २६.

हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा बराच वेळ वही मिटवता आली नाही. ज्यांना टोचलं नाही ते कुणाचे तरी आईबाप, मुलं होती. पण निम्म्यांचीच निवड केली म्हणून लस खरंच वाचवते हे सिद्ध झालं. एकाच घरात राहणारी, एकाच चुलीवरचं खाणारी माणसं. प्लेग उंदरांवरच्या पिसवांतून येतो हे तेव्हा सर्वमान्यही झालं नव्हतं, तरी तुलना चोख झाली, कारण जे काही कारण असेल ते दोघांच्या वाट्याला सारखंच होतं. १२५ वर्षांनी झारखंडमध्ये डॉ. अनुराग आणि माधवी भार्गव यांनीही तुलनाच केली, फक्त एका घरात नव्हे तर घराघरांमध्ये. टीबीच्या काही रुग्णांच्या घरच्या माणसांना दरमहा माणशी पाच किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ दिली, काहींच्या घरच्यांना नाही. ज्या घरच्या माणसांना हे धान्य मिळालं तिथे नव्याने टीबी होणाऱ्यांचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं. २०२३ मध्ये हे प्रसिद्ध झालं.

ही वाट सोपी आहे असं मी भाचीलाही सांगितलेलं नाही. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावात लशीच्या एका बाटलीतून धनुर्वात होऊन १९ माणसं दगावली. ठपका हाफकिनांवर आला आणि त्यांना पदावरून दूर केलं. मलेरिया डासांतून पसरतो हे दाखवणाऱ्या रोनाल्ड रॉस यांच्यासारखे शास्त्रज्ञ त्यांच्या बाजूने उभे राहिले, तरी निर्दोष ठरायला १९०७ साल उजाडलं. मुंबईच्या त्यांच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव मिळालं ते १९२५ मध्ये. आजही यातल्या बऱ्याच नोकऱ्या प्रकल्पापुरत्या असतात, आणि दारावर पाटी लागत नाही ती नाहीच. हेसुद्धा आपल्या पानावर यावं, म्हणजे मुलं डोळे उघडे ठेवून येतील. केवळ एमबीबीएसवाल्यांचंच हे क्षेत्र नाही, हेही यावं. संख्याशास्त्र, मायक्रोबायोलॉजी, नर्सिंग, पशुवैद्यक शिकलेली मुलं यात हवी असतात. साथ आली की गावात उतरून शोध घेणाऱ्या अधिकाऱ्यांचं प्रशिक्षण दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्रात २०१२ पासून चालू आहे, त्याचीही माहिती द्यावी.

गेल्या महिन्यात भाचीला घेऊन मी उंडेऱ्याला जाऊन आले. तळ्याकाठी बसलेल्या तीन-चार म्हाताऱ्यांना विचारलं. प्लेगची टोचणी कुणी ऐकलेली नव्हती. भाचीने त्यांना गुजरातीत सगळं समजावलं, तेव्हा त्यांतल्या एकांनी विचारलं, “कोनां घर हतां ए?” कुणाची घरं होती ती? याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं. त्या २८ घरांची हकीकत आपण एकदा सविस्तर छापावी, अशी विनंती आहे. भाची पुढच्या पंधरवड्यात निघते आहे, त्याआधी आली तर ते कात्रण तिच्याबरोबर देता येईल.

आपली,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन
दांडिया बाजार, बडोदे